जुनं हातमशीन ओळखायचं कसं? नाव सर्वांत शेवटी वाचा

माळ्यावर, अडगळीच्या खोलीत, कुणाचं घर रिकामं करताना किंवा थेट भंगाराच्या ढिगात काळं, सोनेरी नक्षीचं शिवणाचं हातमशीन सापडलं की दोन प्रश्न लगेच येतात. किती जुनं आहे? आणि विकलं तर किती येतील? मग आर्मवरचं, म्हणजे मशीनच्या वरच्या आडव्या भागावरचं, सोनेरी नाव वाचायचं, ते नेटवर टाकायचं आणि पहिला जो फोटो जरा सारखा दिसेल त्यावर विश्वास ठेवायचा, हा बहुतेकांचा रिवाज.

इथेच गाडी चुकते. हातमशीनवरचं नाव विक्रेत्याचं असू शकतं, नक्कल करणाऱ्याचं असू शकतं, आणि अगदी खरं असलं तरी मॉडेल कोणतं हे त्यातून कळत नाही. खरी ओळख सुईच्या खाली असते: दोरा कुठल्या यंत्रणेने अडकवला जातो, बॉबीन कोणत्या आकाराची आहे, ती पोटात घेऊन हलणारं शटल कसं हलतं. ते बदलून नवं रंगवता येत नाही. म्हणून हा लेख खालून वर जातो. नाव सर्वांत शेवटी.

हात लावण्याआधी

लाकडी झाकणाच्या वरच्या मुठीला धरून मशीन उचलू नका. वाकवलेल्या लाकडाचं ते सुरेख गोल झाकण एका कुलपावर आणि दुसऱ्या टोकाच्या अडकवणीवर टिकलेलं असतं. इतक्या वर्षांत कुलूप झिजलेलं असतं, लाकूड आकसलेलं असतं, आणि पूर्ण आकाराचं मशीन सहज बारा-तेरा किलो भरतं. मूठ हातात आणि मशीन पायावर, असा प्रकार नको. खालच्या लाकडी पाटाला दोन्ही हातांनी धरून उचला.

किल्ली नसेल तर घाबरू नका आणि पटाशीही आणू नका. सिंगरच्या बऱ्याच झाकणांची कुलपं अगदी साधी असतात. छोट्या चपट्या स्क्रू ड्रायव्हरने हलक्या हाताने फिरवली तर पुष्कळदा उघडतात. झाकण निघालं की पुसायच्या आधी फोटो काढा. सर्व बाजूंनी, आणि मशीन मागे कलवून पोटाकडूनही. कलवताना हँडल लाकडावर आपटणार नाही हे बघा. काही पाटांना पुढच्या कडेला खिटी असते, ती आधी फिरवावी लागते.

लाकडी पाटाच्या उजव्या टोकाला, चाकाखाली, पुष्कळदा एक छोटा कप्पा असतो. त्याचं झाकण नक्की सरकवून बघा. हरवलं असं वाटणारं शटल, जास्तीच्या बॉबीन, चुणीची पट्टी, कधी मूळची माहितीपुस्तिका, असा ऐवज तिथे निघतो. पुस्तिका मिळाली तर मॉडेलचा आकडा तिच्यावरच छापलेला असण्याची शक्यता मोठी. तरी तिच्यावर डोळे झाकून विसंबू नका, कारण एका मशीनची पुस्तिका दुसऱ्याच्या पेटीत जाणं काही अवघड नाही.

चाक फिरतंय का

प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर उचला. दोरा अडकलेला असेल तर कापून काढा. आता हँडल स्वतःपासून दूर, पुढच्या दिशेने फिरवा. सिंगरच्या पद्धतीच्या हँडलमध्ये दोन दातेरी चाकं एकमेकांत गुंतलेली असतात, त्यामुळे हँडल पुढे गेलं की मशीनचं मोठं चाक तुमच्याकडे येतं. हँडलच्या एका फेऱ्यात मोठं चाक साधारण तीन फेरे घेतं. म्हणजे सावकाश फिरवूनही टाके भराभर पडतात. पहिल्यांदा चालवणाऱ्याला याचा अंदाज येत नाही.

चाक घट्ट बसलं असेल तर जोर लावू नका. बहुतेक वेळा मशीन मोडलेलं नसतं, जुनं तेल सुकून त्याची वार्निशसारखी चिकट खळ झालेली असते. उलट चाक गरगर फिरतंय आणि सुई मात्र ढिम्म, असं असेल तर चाकाच्या मध्यभागचा मोठा नॉब तपासा. बॉबीन भरताना सुई थांबावी म्हणून तो सैल करतात, आणि शेवटच्या माणसाने तो तसाच सोडलेला असतो. आवळला की सुई चालू. विक्रीला आलेली कितीतरी 'बिघडलेली' मशीन एवढ्यावर दुरुस्त होतात.

सरकती पट्टी उघडा

आता मुख्य काम. सुईच्या आजूबाजूला, बेसच्या डाव्या भागात, चकचकीत धातूच्या पातळ पट्ट्या दिसतील. त्या सरकतात. गंजाने अडकल्या असतील तर तेलाचा थेंब सोडून थोडं थांबा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटल्या तर वाकतात, आणि वाकलेली पट्टी परत कधीच नीट बसत नाही.

पट्ट्या सुईच्या डावीकडे आणि उजवीकडे उघडत असतील, आणि आत दोन्हीकडे निमुळतं होडीच्या आकाराचं शटल सरळ खोबणीत डावी-उजवीकडे धावत असेल, तर ही जुनी रचना आहे. सिंगरचं १८६५ च्या सुमाराचं 'न्यू फॅमिली', म्हणजे पुढे ज्याला १२ नंबर म्हणू लागले, ते याच जातीचं. त्याचा बेस सरळ चौकोनी नसून व्हायोलिनसारखा मध्ये आत गेलेला असतो. जर्मन कारखान्यांनी याच्या असंख्य नकला केल्या, त्यामुळे व्हायोलिनच्या आकाराचा बेस म्हणजे सिंगर, असं समजू नका. या मशीनबद्दल नवख्याने एकच गोष्ट लक्षात ठेवावी: त्याची सुई वेगळी असते, आजच्या दुकानात सहज मिळत नाही.

पट्ट्या पुढे आणि मागे उघडत असतील, आणि आतलं शटल एका टोकाला टोकदार, बंदुकीच्या गोळीसारखं असेल, तर चाक हळू फिरवून ते कसं हलतं ते बघा. सरळ न जाता ते लंबकासारखं छोट्या कमानीत मागे-पुढे झुलतं. सिंगरची २७, २८, १२७ आणि १२८ ही भावंडं अशी. शटल बाहेर काढा. आत लांब, बारीक दांडीची बॉबीन असते, दोन टोकांना दोन इवल्या चकत्या. शटलच्या अंगावर पोलादाची पातळ पट्टी बारीक स्क्रूने बसवलेली दिसेल. खालच्या दोऱ्याचा ताण तीच ठरवते, म्हणून तो स्क्रू उगाच फिरवू नका. या चौघांतला फरकही इथेच कळतो: १२७ आणि १२८ मध्ये शटल वर उचलून देणारं छोटं बटण असतं, २७ आणि २८ मध्ये नसतं, तिथे बोटाने उचलावं लागतं.

तिसरी जात गोल बॉबीनची, आणि रोज शिवायला हीच सोयीची. पण तिच्यातही दोन घराणी आहेत. सुईच्या अगदी जवळची पट्टी उघडली की वरूनच बॉबीन आत टाकता येते, तर ते सिंगर ६६ किंवा त्याचं धाकटं भावंड ९९ असण्याची शक्यता मोठी. बॉबीन वेगळ्या केसमध्ये घालून मशीनच्या डाव्या टोकाकडून, खालच्या बाजूने बसवावी लागत असेल आणि दोऱ्याच्या ताणाची चकती डाव्या तोंडाच्या पट्टीवर असेल, तर ते सिंगर १५ किंवा त्याची नक्कल. आणि १५ च्या नकला जगभर झाल्या: जपानमध्ये शेकडो नावांनी, चीनमध्ये बटरफ्लाय, भारतात उषा. त्यामुळे या जातीचं मशीन कोणत्याही नावाचं निघालं तरी फारसं बिघडत नाही, भाग एकमेकांना चालतात.

दोन्ही घराण्यांच्या बॉबीन टेबलावर शेजारी ठेवल्या तर सारख्याच वाटतात. बोट फिरवून बघा. १५ ची चकती सपाट असते, ६६ ची बाहेरून किंचित फुगीर. चुकीची घातली तर ती बसल्यासारखी वाटते, चार टाके पडतात, आणि मग खाली दोऱ्याचा गुंता सुरू होतो. मशीन खराब म्हणून लोक परत माळ्यावर टाकतात.

आत बॉबीन किंवा शटल काहीच नाही, फक्त एक फिरता हुक आहे आणि मशीनचा आकार इंग्रजी 'जी' अक्षरासारखा आहे, तर ते विलकॉक्स अँड गिब्ज. हे एकाच दोऱ्यावर साखळी टाका घालतं. याच्या शिवणीचं एक टोक ओढलं की सगळी शिवण सरसर उसवते, हा दोष नसून त्याची जातच तशी. त्याचीही सुई स्वतःची वेगळी. आणि वीतभर उंचीचं साखळी टाक्याचं मशीन हाती आलं तर ते मुलांसाठीचं असेल. सिंगरने १९१० च्या सुमारास २० नंबरचं असं मशीन काढलं होतं. संग्राहकांना ते आवडतं, पण त्यावर झबलं शिवायचा बेत करू नका.

बेस मोजा

टेप घेऊन बेसची लांबी मोजा. सुमारे ३७ सेंटीमीटर असेल तर पूर्ण आकार, सुमारे ३१ असेल तर पाऊण आकार. सिंगरपुरतं बोलायचं तर २७ आणि १२७ पूर्ण, २८ आणि १२८ पाऊण. तसंच ६६ पूर्ण, ९९ पाऊण. फोटोवरून हा फरक कळत नाही, मोजल्यावर एका मिनिटात कळतो. विकत घेण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच असावा, आणि विक्रेत्याला तो प्रश्न नेमका अनपेक्षित असतो.

आता नंबर

सिंगरचा अनुक्रमांक बेसवर उजव्या बाजूला, उभ्या खांबाच्या पायथ्याशी ठोकलेला असतो. मळाखाली गेला असेल तर मऊ फडक्यावर शिवणयंत्राचं तेल घेऊन हलकेच पुसा, मग टॉर्च आडवा धरा. वरून उजेड पाडला तर आकडे दिसत नाहीत. बाजूने पाडला की सावली पडते आणि उठून दिसतात. कागदावर उतरवून घेताना ३ आणि ८, तसंच १ आणि ७ पुन्हा पडताळा.

नुसते आकडे असतील आणि आधी अक्षर नसेल, तर ते सिंगर साधारण १९०० च्या आधीचं. त्यानंतर अक्षरं आली, आणि अक्षर कारखाना सांगतं. एफ, जे, एम, पी, आर, एस, व्ही, एक्स, वाय ही एकेरी अक्षरं स्कॉटलंडमधल्या क्लाईडबँकची, म्हणजे किलबोवी कारखान्याची. मॉडेलच्या आकड्यामागचा 'के' तिथलाच: ९९के, १२८के. जी, एच, एन वगैरे अमेरिकेतल्या एलिझाबेथ शहरातली. सी जर्मनीतल्या विटेनबेर्गेचं, टी रशियातल्या पोडोल्स्कचं. पुढे दुहेरी अक्षरं सुरू झाली. ई ने सुरू होणारी क्लाईडबँकची, ईए पासून, १९३५ च्या सुमारास. एक अक्षर आणि दोन अक्षरं यांत गल्लत करू नका. एकटा 'जे' असेल तर स्कॉटलंड, पण 'जेए' किंवा 'जेबी' असेल तर कॅनडातलं सेंट जॉन्स.

सिंगरच्या नोंदवह्यांवरून तयार केलेले तक्ते नेटवर सहज सापडतात. त्यात मिळणारी तारीख ही त्या आकड्यांचा गठ्ठा कारखान्याला कधी नेमून दिला याची असते. मशीन त्या दिवशी जन्मलं असं नाही, काही महिने पुढेमागे धरून चालावं. 'अमुक तारखेला जन्मलेलं मशीन' अशी प्रमाणपत्रासारखी भाषा कुणी वापरली तर मनातल्या मनात हसायला हरकत नाही.

इतर कंपन्यांचे नंबर इतके बोलके नसतात. तिथे यंत्रणा आणि रचनेवरूनच अंदाज बांधावा लागतो.

फसवणाऱ्या तारखा

जुन्या मशीनवर तारखा भरपूर असतात, आणि त्यातली एकही बहुधा मशीन बनल्याची नसते.

सर्वांत जास्त घोळ १८५१ या आकड्याचा. सिंगरच्या खांबावर पितळी अंडाकृती बिल्ला असतो. त्याच्या कडेला निळी पट्टी असेल आणि १८५१ ते १९५१ असं लिहिलेलं असेल, तर तो कंपनीच्या शताब्दीचा बिल्ला आहे, आणि मशीन १९५१ च्या आसपासचं. १८५१ च्या ऑगस्टमध्ये आयझॅक सिंगरला पेटंट मिळालं, तिथून ही शंभर वर्षं मोजलेली. तरीही 'पावणेदोनशे वर्षं जुनं' असं सांगून हीच मशीन विकली जातात. अर्धवट पुसलेल्या बिल्ल्यावर फक्त पहिला आकडा वाचता येत असेल तर विक्रेता खोटं बोलतोय असंही नाही, त्याने तेवढंच वाचलेलं असतं.

दुसरा घोळ पेटंटच्या तारखांचा. सरकत्या पट्टीवर ओळीने पाच-सहा तारखा कोरलेल्या दिसतात. त्यातली सर्वांत अलीकडची शोधा. मशीन त्याच्या आधीचं नाही, एवढंच त्यावरून कळतं. पुढचं किती, ते नाही. आणि पट्टी दुसऱ्या मशीनवरून आणून बसवलेली असेल तर तेवढंही नाही.

अशी एक मर्यादा जोन्सच्या मशीनवर छान सापडते. मँचेस्टरजवळच्या गाईड ब्रिजचा हा इंग्रज कारखाना. काही जोन्स मशीनवर 'महाराणी अलेक्झांड्रा यांना पुरवल्याप्रमाणे' अशा अर्थाची इंग्रजी ओळ सोनेरी अक्षरांत असते. अलेक्झांड्रा राणी झाली १९०१ मध्ये, म्हणजे ते मशीन १९०१ च्या आधीचं असूच शकत नाही. जपानी मशीनच्या पोटाखाली 'ऑक्युपाइड जपान', म्हणजे व्याप्त जपान, असा शिक्का असेल तर ते दुसऱ्या महायुद्धानंतरचं आणि १९५२ पर्यंतचं, कारण त्या वर्षी तिथला दोस्त राष्ट्रांचा अंमल संपला.

रूपावरूनही फसायला होतं. गोळीच्या आकाराचं शटल बघून व्हिक्टोरिया राणीचा काळ आठवतो, पण १२८के क्लाईडबँकमध्ये १९५० च्या दशकातही बनत होतं. मागे टाके घालायची दांडी असेल तर सिंगरचं घरगुती मशीन साधारण १९३० च्या दशकापासून पुढचं धरा.

आणि शेवटी नाव

एवढं झाल्यावर आर्मवरचं नाव वाचा, आता ते तुम्हाला फसवू शकणार नाही. नाव अनोळखी असेल तर ते पुष्कळदा दुकानदाराचं असतं. जर्मन कारखाने मशीन बनवून देत आणि विकणारा आपलं नाव घाली. अशा वेळी यंत्रणा, चाकाचा आकार, बॉबीन भरायच्या चाकाची जागा, हँडलचा घाट हे सगळं ओळखीच्या मशीनशी ताडून बघायचं: फ्रिस्टर अँड रॉसमन बर्लिनचं, फाफ कायझर्सलाउटर्नचं, साइडेल अँड नाउमान ड्रेस्डेनचं.

'सिंगर' हा शब्द दिसला तरी पुढचे शब्द वाचा. एकोणिसाव्या शतकात 'सिंगर पद्धतीचं' असं लिहून दुसऱ्यांची मशीन सर्रास विकली जात. सिंगर कंपनीने बर्लिनच्या फ्रिस्टर अँड रॉसमनची मशीन लंडनमध्ये विकणाऱ्या लोग नावाच्या व्यापाऱ्यावर याच कारणाने खटला भरला. तो थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला, आणि १८८२ मध्ये सिंगर हरली.

नक्षीचीही नावं पडलेली आहेत. स्फिंक्सची नक्षी २७ आणि १२७ वर, लाल डोळ्यांसारखी 'रेड आय' ६६ वर. पण नक्षीवरून मॉडेल ठरवू नका. आजकाल जुन्या नक्षीचे नवे स्टिकर विकत मिळतात आणि नुकतंच रंगवलेलं मशीन त्यांनी झक्क सजवता येतं. बोट फिरवल्यावर नक्षीची कड जाड लागली किंवा स्क्रूच्या खाचांत रंग भरलेला दिसला तर समजून जा.

हँडल मूळचं आहे का

पायमशीनचं किंवा विजेचं मशीन हातमशीन करून विकणं हा जुनाच उद्योग आहे, आणि त्यात गैर काही नाही, फक्त माहीत असावं. हँडल बसायला दोन गोष्टी लागतात: खांबाच्या मागे चाकाखाली छिद्र असलेला उंचवटा, आणि आऱ्यांचं चाक, कारण हँडलचं बोट दोन आऱ्यांच्या मध्ये शिरून चाक ढकलतं. भरीव चाक असेल तर ते बदलावं लागतं. मशीन मळकट आणि हँडल मात्र नवंकोरं चकचकीत, लाकडी मुठीवर हाताच्या घामाचा लवलेश नाही, बेसवर दिव्याच्या किंवा वायरच्या खुणा, असं दिसलं तर हँडल नंतरचं. नव्याने बनवलेली हँडलं आजही मिळतात आणि कामाला ठीक असतात. मात्र त्यांचे दाते जरा खडखडतात, त्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवला की आवाज कमी होतो.

घ्यायचं की नाही, ते सुई ठरवते

माझा साधा नियम: शिवायला मशीन हवं असेल तर आधी सुई विचारा. सिंगरच्या २७, २८, १२७, १२८, १५, ६६ आणि ९९ या सगळ्यांना आजच्या घरगुती मशीनचीच सुई चालते, पाकिटावर १५ बाय १ किंवा १३०/७०५ एच लिहिलेली. लांब बॉबीन आणि गोळीचं शटलही नव्याने बनतात. याउलट एखादं देखणं, दुर्मीळ मशीन सुईविना फक्त शोभेचं राहतं. पहिलंच घेत असाल तर मी ९९ सुचवेन: आकाराने आटोपशीर, गोल बॉबीन वरून टाकायची, सुई कुठेही मिळते.

सुई कुठल्या तोंडाने बसवायची, हे मॉडेलगणिक वेगळं असतं, पण पाठ करायची गरज नाही. सुईवर एका बाजूला लांब खोबण असते. दोरा सुईत शिरतो तो त्या बाजूने. सुईच्या वरचा, दोरा अडकवायचा शेवटचा हुक डावीकडे असेल तर खोबण डावीकडे, उजवीकडे असेल तर उजवीकडे.

घेताना शटल, बॉबीन केस, सरकत्या पट्ट्या आणि सुई आवळायचा स्क्रू जागेवर आहेत का ते बघा. गंज वरवरचा असेल तर चालतो. बेसला किंवा आर्मला तडा असेल तर सोडून द्या.

सफाई आणि तेल

काळ्या मशीनवर नक्षीच्या वर बहुधा लाखेच्या वार्निशचा थर असतो. स्पिरिट, सॅनिटायझर, काच पुसायचं रसायन यांनी तो विरघळतो आणि सोनं फडक्याला लागून येतं. पाण्यानेही नक्षी चंदेरी पडते. म्हणून वरचा भाग फक्त शिवणयंत्राच्या तेलाने, मऊ सुती फडक्याने, न रगडता. पहिल्या फडक्याला तपकिरी मळ येईल तो येऊ द्या. सोनेरी किंवा पिवळं दिसलं की थांबा.

आत मात्र कंजूषी नको. सुईखाली कापड सरकवणाऱ्या दातांमध्ये बसलेला दोऱ्याचा लगदा टाचणीने आणि जुन्या टूथब्रशने काढा. तो इतका दाबून बसलेला असतो की लोकांना तो मशीनचाच भाग वाटतो. घट्ट सांध्यांत रॉकेलचे थेंब सोडून रात्रभर ठेवा. हेअर ड्रायरची ऊबही सुकलेलं तेल सोडवते, पण ज्वालेजवळ नको आणि रॉकेल घातल्यावर ड्रायरही नको. दुसऱ्या दिवशी चाक थोडं मागे, थोडं पुढे, असं करत सोडवा. सुटलं की रॉकेल पुसून प्रत्येक छिद्रात आणि धातूवर धातू घासतो त्या प्रत्येक जागी शिवणयंत्राचं तेल. खाद्यतेल कधीही नाही, त्याचाच पुढे गोंद होतो. गंज सोडवणारे फवारेही तेलाची जागा घेत नाहीत.

बॉबीन भरायच्या चाकाचं रबर बहुधा कडक होऊन तडकलेलं असतं. ते बदलायची वस्तू आहे, स्वस्तात मिळते.

पहिला टाका

दोरा न ओवता, नव्या सुईने, साध्या कागदावर चालवा. भोकं एका रेषेत आणि समान अंतरावर पडली तर सुई आणि दाते ठीक आहेत. मग सुती कापडाच्या दोन पदरांवर, वर एका रंगाचा आणि खाली दुसऱ्या रंगाचा दोरा घेऊन. खालचा रंग वर ठिपक्यांसारखा दिसला तर वरचा ताण जास्त. वरचा रंग खाली दिसला तर कमी. आधी वरची चकतीच फिरवा. शटलच्या स्क्रूला हात लावायची वेळ क्वचित येते, आणि आली तर पाव फेऱ्याहून जास्त नाही. उजवा हात हँडलवर गुंतलेला असतो, कापड एकट्या डाव्या हाताने सांभाळायचं, तेव्हा सुरुवातीला टाचण्या जरा जास्तच लावा.

किमतीबद्दल

जुनं म्हणजे दुर्मीळ, हे डोक्यातून काढून टाका. एकट्या क्लाईडबँकच्या कारखान्यातून १९१३ या एका वर्षात तेरा लाखांहून जास्त मशीन बाहेर पडली. ओतीव लोखंडाची ही मशीन मोडत नाहीत, म्हणून त्यातली पुष्कळशी अजून कुठे ना कुठे आहेत. त्यामुळे साध्या सिंगरची किंमत वयापेक्षा ते चालतं का, पूर्ण आहे का आणि नक्षी किती शाबूत आहे यावर ठरते. जास्त पैसे मागावेत किंवा द्यावेत अशी मशीन वेगळी: सुरुवातीच्या छोट्या कारखान्यांची, विचित्र आकाराची, मूळ पेटी आणि सुट्या भागांसकट पूर्ण असलेली.

आणि कुणी 'लाल पारा' हा शब्द उच्चारला तर संभाषण तिथेच संपवा. जुन्या सिंगरमध्ये लाल पारा नावाचा मौल्यवान पदार्थ असतो ही अफवा २००९ मध्ये सौदी अरेबियात इतकी पसरली की सामान्य मशीनसाठी लोकांनी अफाट रकमा मोजल्या आणि पोलिसांना चौकशी करावी लागली. ती अफवा अजून अधूनमधून फिरते, सुईजवळ मोबाईल धरून दाखवण्याच्या व्हिडिओंसकट. मशीनमध्ये लोखंड, पोलाद, थोडं पितळ आणि जुनं तेल असतं. विकणारा यापलीकडे काही असल्याचं सांगत असेल तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका.